मार्गशीर्ष ते रथसप्तमी: हिवाळ्याच्या लांब रात्रींत मन निवांत करण्याची एक रीत

खान्देशातली थंडी मुख्यतः रात्रीची असते. डिसेंबरात जळगाव-धुळ्याकडे दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो आणि पहाटे त्याच माणसाला दोन गोधड्या पुरत नाहीत. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. त्यात उत्तरेचा वारा सुटला की पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. धुळ्याचं नाव तर दर हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत वाचायला मिळतं. सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या डाब परिसरात, गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलंही लोकांनी पाहिलं आहे.

दिवस सहाच्या आत मावळतो. आठपर्यंत जेवणं आटपतात, गल्ली सामसूम होते, दारं लागतात. पुढचा वेळ टीव्हीत आणि मोबाईलमध्ये जातो, आणि दिवा मालवल्यावर अंथरुणात कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न असं सगळं एकामागून एक उभं राहतं. रात्र लांब, म्हणून काळजीलाही वेळ भरपूर. मला वाटतं, या अंधाराला हुसकावून लावण्याच्या खटपटीतच आपण जास्त दमतो. रात्रीचा थोडा तुकडा मुद्दाम अंधारातच ठेवावा आणि त्यात एका वातीजवळ बसावं. मन स्वस्थ झालं की आपलं काय चाललंय ते आपल्यालाच स्पष्ट दिसायला लागतं. आतला उजेड म्हणजे मी एवढंच समजते, आणि एवढंही पुष्कळ आहे.

खाली सांगितलेली रीत मार्गशीर्ष प्रतिपदेला सुरू करून रथसप्तमीला थांबवावी. साधारण सव्वादोन महिने होतात. काळही सोयीचा आहे. खरिपाची मोठी धावपळ ओसरलेली असते, चंपाषष्ठीचं भरीत-रोडगं झालेलं असतं, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि त्यानंतर पौष लागला की लग्नकार्यं थांबतात. संध्याकाळ आपल्या हातात राहते. मधूनच सुरू केलं तरी चालेल, पण शेवटची तारीख ठरलेली असावी. कायमचं काही करायचं म्हटलं की माणूस आठवड्यात सोडून देतो.

आधी सूर्य कुठे आहे ते बघा

हे काम दुपारचं आहे आणि पोरांना सोबत घेऊन करण्यासारखं आहे. अंगणात किंवा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जिथे दुपारी सावली आडवी येत नाही अशा जागी, एक मीटरची सरळ काठी उभी रोवा. धाब्यावर रोवता येत नसेल तर मातीने भरलेल्या डब्यात उभी करा, फक्त मग उंची मोजताना सावली जिथे पडते त्या पातळीपासून मोजा. काठी ओळंब्यात हवी. दोऱ्याला नट बांधून लोंबता सोडला की तिरपी आहे का ते लगेच कळतं.

आता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सव्वाबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. घड्याळात बारा वाजता ती का मिळत नाही, असं पोरं विचारतील. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जळगाव त्याच्या सुमारे 7 अंश पश्चिमेला. सूर्याला तेवढं अंतर यायला अर्धा तास लागतो, म्हणून आपली खरी दुपार साडेबाराच्या आसपास होते. जानेवारीत ती आणखी थोडी पुढे सरकते.

21 किंवा 22 डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, खान्देशात मध्यान्हीची सावली जवळजवळ काठीएवढीच भरते. एक मीटरच्या काठीला 98 सेंटिमीटरच्या आसपास. संक्रांतीला ती 91 च्या जवळ येते आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात 75-76 वर. खडूच्या खुणा काठीकडे सरकत येताना डोळ्यांनी दिसतात. दिवस तिळातिळाने मोठा होतो हे आपण ऐकत आलो, इथे ते जमिनीवर मोजता येतं. ज्याचं मन हिवाळ्यात उतरतं त्याला या खुणांचा फार आधार वाटतो, कारण उजेड परत येतोय हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. सावलीवरून सूर्य ओळखायची विद्या या मातीत आठशे वर्षांपूर्वी शिकवली जात होती, हे काठी रोवताना पोरांना जरूर सांगा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. डिसेंबर संपला तरी पहाट लवकर उजाडत नाही. सूर्यास्त नोव्हेंबरअखेरपासूनच हळूहळू लांबायला लागतो, पण सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो आणि तेव्हा सात वाजून गेलेले असतात. तेव्हा सकाळचा अंधार रेंगाळतो म्हणून निराश होऊ नका.

सकाळचं ऊन अंगावर घ्या

थंडी-अंधाराच्या दिवसांत मन खचणं हा त्रास युरोपच्या उत्तर भागात मोठा आहे. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, आपल्याकडे अकराला थोडा कमी. तिकडे काही लोकांना डॉक्टर प्रखर दिव्यासमोर बसायला सांगतात. आपल्या ओट्यावर तेच काम ऊन करतं, पण आपण त्या वेळी दार लावून गोधडीत असतो.

उठल्यावर तासाभरात पंधरा-वीस मिनिटं उन्हात बसा. चहा तिथेच प्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, फक्त उजेड तोंडावर, डोळ्यांवर येऊ द्यायचा. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि त्याच हिशोबाने रात्री वेळेवर झोप येते. संध्याकाळच्या निवांतपणाची अर्धी तयारी इथेच होते, म्हणून ही पायरी गाळू नका. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी मात्र पहाटे पाचला फिरायला निघायचा हट्ट धरू नये. ऊन पडल्यावर, कानाला मफलर गुंडाळून निघावं.

वात हातानेच वळा

बाजारात तयार वातींचं पुडकं मिळतं. तरी या दिवसांत आपल्याकडे घरोघरी कापूस असतो, आणि मन हळू करायला वात वळण्याइतकं सोपं काम दुसरं नाही.

पूर्ण उमललेल्या बोंडाचा स्वच्छ कापूस घ्या. कवडी, म्हणजे नीट न फुललेला कापूस, किंवा डाग पडलेला नको. एका बोंडात चार-पाच पाकळ्या निघतात. एक पाकळी हातात घेऊन सरकी बोटाने चाचपा. तंतू सरकीला घट्ट धरून असतात. एका हाताच्या चिमटीत सरकी धरायची आणि दुसऱ्या हाताने कापूस थोडा थोडा करून ओढायचा. घाई केली तर कापूस तुटतो आणि अर्धा सरकीलाच राहतो. पानाचा चुरा अडकलेला असतो तोही काढून टाका, नाहीतर वात तडतडते. सगळी सरकी निघाली की कापूस दोन्ही हातांनी विंचरल्यासारखा अलगद मोकळा करत जा. तो हवेने फुगतो, तळहातावर ठेवला तर वजन जाणवत नाही.

मग त्याची करंगळीएवढ्या जाडीची, वीतभर लांब पट्टी करा. बोटांना चिमूटभर चाळलेली राख लावा म्हणजे पकड येते. एक टोक डाव्या चिमटीत धरून उजव्या तळहाताने मांडीवर एकाच दिशेने वळत न्या. पुढे-मागे वळलं तर पीळ सुटतो. वात सगळीकडे सारखी जाड हवी, कारण जिथे बारीक तिथे ज्योत दबते आणि जिथे जाड तिथे काजळी धरते. आठवड्याच्या वाती एकदम करून ठेवता येतात, पण मी रोजची रोज वळायला सांगेन. आजी-पणजींच्या हाताला ही सवय होती आणि त्या वेळात त्यांच्या तोंडी नामस्मरण असायचं. तुम्हालाही एखादं नाम, एखादी ओवी येत असेल तर या वेळी ती म्हणा.

एक इशारा काळजीपूर्वक वाचा. भाव वाढेल या आशेने आपल्याकडे घराच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो. त्या खोलीत, किंवा तिच्या दाराशीसुद्धा, दिवा लावायचा नाही. वळायला घेतलेला कापूसही दिवा लागायच्या आधी दुसरीकडे ठेवायचा.

दिव्यासमोर बसायची रीत

जेवणाआधीची वेळ सर्वांत चांगली, दिवेलागणीनंतर तासाभराची. पोट भरल्यावर झोप येते. वारा लागणार नाही असा कोपरा निवडा, पण खोली पूर्ण बंद नको. गोधडीची चौघडी करून बसा, अंगावर शाल घ्या, पाय झाकून घ्या. पाय गार पडले की सगळं लक्ष तिथेच जातं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ मात्र सरळ ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून शेजारी ठेवलेला मोबाईलही मन ओढत राहतो.

घरातले दिवे मालवा आणि वात न लावता तसेच पाच मिनिटं बसा. ही पाच मिनिटं बहुतेकांना जड जातात. डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, पूर्ण सरावायला अर्धा तासही लागतो, पण पाच-सात मिनिटांत भांड्यांची कड, खिडकीची चौकट दिसायला लागते. तेवढं दिसेपर्यंत थांबा. अंधाराची भीती कमी होते ती इथे.

मग समई किंवा पणती लावा. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल चालतं. वात कडेच्या बाहेर तांदळाच्या दाण्याएवढीच ठेवा. धूर निघाला तर ती आत ओढा. ज्योत डोळ्यांच्या पातळीला आणि तुमच्यापासून दोन हातांवर असावी. समईला उंची असते, पणती असेल तर डब्यावर किंवा चौरंगावर ठेवा.

आता ज्योतीकडे बघा. डोळे ताणायचे नाहीत, पापण्या लवल्या तर लवू द्या. ज्योतीच्या बुडाशी निळसर भाग दिसतो, त्यावर वातीचं काळं टोक, मग पिवळा उजेड. एक-दोन मिनिटं झाली, डोळ्यांत पाणी यायच्या आत, डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांपुढे ज्योतीचा ठसा दिसेल. तो रंग बदलतो, सरकतो, विरतो. त्याच्या मागे जायचं नाही आणि त्याला धरूनही ठेवायचं नाही. पूर्ण विरला की पुन्हा डोळे उघडा. असं तीन वेळा करा. फिट येणारे, काचबिंदू असलेले आणि अर्धशिशीचा त्रास असलेले यांनी हा ज्योतीचा भाग सोडून द्यावा आणि पुढचं करावं.

यानंतर डोळे मिटूनच नाकपुड्यांपाशी लक्ष न्या. हिवाळ्यात याला मोठी सोय आहे. आत जाणारी हवा गार आणि बाहेर येणारी कोमट, हा फरक थंडीत इतका स्पष्ट लागतो की नवख्यालाही श्वास सापडतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा. मोजायचंच असेल तर चार आकड्यांत घ्या आणि सहा आकड्यांत सोडा. जोर लावू नका, श्वास कोंडून ठेवू नका. हळूहळू छातीची धडधड मंदावते. दहा मिनिटं पुरेत. दुसऱ्या पंधरवड्यापासून पंधरा करा.

मधे विचार येतील. व्यापाऱ्याने काय सांगितलं, सासू काय बोलली, खताचे पैसे कुठून आणायचे. त्यांच्याशी भांडायचं नाही. एखादा विचार खरोखर कामाचा असेल तर बसणं आटपल्यावर वहीत एका ओळीत लिहा आणि वही मिटा. मला ही वही फार मोलाची वाटते. महिनाभराने मागची पानं उलटली की ध्यानात येतं, रोज नव्या वाटणाऱ्या काळज्या चार-पाचच असतात आणि त्यातल्या एक-दोन आपल्या हातातल्या असतात. त्यांचं काम मग दिवसा, उजेडात करावं.

उठायच्या आधी दोन मिनिटं काहीच करू नका. नंतर दिवा शांत करा. जळता दिवा ठेवून झोपू नका.

ज्यांना रात्री पाणी भरायला जावं लागतं

हिवाळ्यातल्या निवांतपणाबद्दल लिहिताना या माणसांना विसरलं जातं. रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाईट जेव्हा येईल तेव्हा उठावं लागतं, आणि ज्या आठवड्यात पाळी रात्रीची त्यात दीड-दोनला मळ्यात उभं राहावं लागतं. केळीवाले तर कडाक्याच्या थंडीत मुद्दाम रात्री पाणी देतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असल्याने बागेला ऊब मिळते. त्यांना सातला दिव्यासमोर बसा असं सांगण्यात अर्थ नाही.

भाऊ, तुमच्यासाठी रीत वेगळी. वाफा भरायला लागणारा वेळ हाच तुमचा बसायचा वेळ. आधी बॅटरीने चारी बाजू बघून घ्या, पायात बूट हवेत, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका. मग बांधावर उभे राहून पाण्याचा आवाज ऐका. पाटातला आवाज वेगळा, वाफ्यात पसरतानाचा वेगळा, आणि वाफा भरत आला की तो मऊ होत जातो. कान त्या आवाजावर ठेवून श्वास तसाच लांब सोडा. एका वाफ्याला एकदाच बारं फोडायचं, म्हणजे पाणी आत घ्यायला वाट करायची, तसं एका वाफ्याला एकदाच मन आणून ठेवायचं. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलकडे किंवा जिथे कुठे बिबट्याचा वावर आहे तिथे मात्र बॅटरी विझवू नका आणि एकटे जाऊ नका.

वर बघायला विसरू नका. डिसेंबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो. ओळीत तीन तारे, तो बाण. ती ओळ खाली वाढवली की सर्वांत तेजस्वी तारा लागतो, तो व्याध. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात. मध्यरात्रीकडे मृग जवळजवळ डोक्यावर असतो आणि पहाटे पश्चिमेला उतरलेला. दोन-चार रात्री पाहिलात तर घड्याळ न बघता वेळ सांगता येईल. घरी असलेल्यांनीही आठवड्यातून एकदा दिवा न लावता धाब्यावर जाऊन हेच करावं.

पोट आणि शेकोटी

रात्री लवकर आणि हलकं जेवा. बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, भरीत, मुगाची खिचडी ही आपली हिवाळ्याची जेवणं दुपारी पोटभर खा, रात्री अर्ध्या पोटाने. चारनंतर चहा नको. धनुर्मासात एखाद्या दिवशी तरी उगवतीला गरम खिचडी-लोण्याचा नैवेद्य दाखवून सगळ्यांनी एकत्र जेवावं.

शेकोटी अंगणातच. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं बंद खोलीत घेऊन झोपणं जिवावर बेततं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत शेगडीऐवजी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या.

महिन्यातून एक दिवस बाहेर

ज्यांना जमेल त्यांनी महिन्यात एक सकाळ पाण्याकाठी घालवावी. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर डिसेंबर-जानेवारीत लालसरीसारखी स्थलांतरित बदकं उतरतात. तिथे बोलायचं नाही, एवढा एकच नियम करा. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, किंवा मुक्ताईनगरच्या बाजूला तापीकाठी, सकाळी धुकं असताना गर्दी नसते. सुरतेत, पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीतलं सकाळचं ऊन आणि संध्याकाळची वात, एवढं सांभाळलं तरी चालेल. काठी गावी आई-वडिलांना रोवायला सांगा आणि दर रविवारी फोनवर सावलीचं माप विचारा. बोलायला एक विषय होतो.

घरच्यांना सोबत घेताना

सगळ्यांना जबरदस्तीने बसवू नका. सुरुवातीला दहा मिनिटं टीव्ही बंद राहील एवढंच मागून घ्या. पोरांना वात वळायला आणि लावायला द्या, डोळे मिटायला सांगू नका. लहान पोरं अंधारात कुजबुजतात, हसतात, ते चालायचं. घरातल्या बाईला मात्र याच वेळी भाकरी थापायच्या असतील तर तिचा निवांतपणा कुणी बघायचा? बसायचा तेवढा वेळ चूल-गॅस बंद ठेवून जेवण अर्धा तास उशिरा करा, किंवा त्या दिवशीच्या भाकरी दुसऱ्याने कराव्यात. तिला सोडून बाकीचे बसणार असतील तर ही रीत त्या घरात सुरूच करू नये.

मन उजळतच नसेल तर

पंधरा दिवसांहून जास्त दिवस जवळजवळ रोज उदास वाटणं, कशातच गोडी न राहणं, झोप आणि भूक बिघडणं, आपण घरावर ओझं आहोत असं वाटणं, ही आजाराची लक्षणं असू शकतात. त्यावर वात आणि श्वास पुरे पडत नाहीत. अशा माणसाला डोळे मिटून एकटं बसवणं उलट त्रासाचं होतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार बोलून दाखवत असेल तर त्या माणसाला रात्री एकटं ठेवू नका, कीटकनाशकाचे डबे घरातून आणि मळ्यातल्या खोलीतूनही हलवा, आणि सकाळची वाट न बघता फोन करा. डॉक्टरांकडे जाताना घरातलं कुणीतरी सोबत जा आणि झोप कधीपासून बिघडली, जेवण किती कमी झालं, हे कागदावर लिहून न्या. आजारी माणसाला तिथे आठवत नाही.